पेपर होईपर्यंत

लहानपणाच्या आठवणी लिहायला बसलेली माणसं साधारण मिसरूड फुटलं की थांबतात. माझं तेवढ्यावर भागणार नाही, कारण मी मोठा झालो तो सदतिसाव्या वर्षी, पापाकुऱ्यातल्या एका भाड्याच्या घराच्या गराजमध्ये. तोपर्यंत मी नुसता वाढलो होतो. लग्न झालं होतं, मुलगी होती, न्यूझीलंडचं ड्रायव्हिंग लायसन्स होतं. म्हणजे मोठेपणाची कागदपत्रं सगळी होती. मग एका मे महिन्यात माझ्या आईचा उजवा डोळा गेला. हे आधीच सांगून टाकतो. वाईट बातमी सगळ्यांत शेवटी सांगायची आमच्या घराची पद्धत होती, आणि ती मला निदान या कागदावर तरी मोडायची आहे.

मी नोकरी सोडली होती. का, ते आता मलाही नीट सांगता येत नाही. ऑकलंडमधली बरी कंपनी होती, कोणी कोणाला सर म्हणायचं नाही, शुक्रवारी चार वाजता बॉससकट सगळे बिअर उघडायचे. एवढं सुख मला सोसलं नाही. एकदा एका शेतकऱ्याच्या कुरणात पाइप फुटलेला पाहिला. गायींच्या पिण्याच्या हौदात थेंब नाही, पलीकडे निम्म्या कुरणाचं तळं झालेलं आणि त्या बिचाऱ्याला दोन दिवस पत्ताच नाही. मला वाटलं, हौदात एक तरंगता डबा सोडावा, पाणी उतरलं की त्यानं शेतकऱ्याच्या फोनवर निरोप धाडावा. कल्पना चांगली होती. अजूनही चांगली आहे. गोची होती ती ज्याला सुचली त्या माणसाची.

माझं लक्ष लागायचं नाही. वृषाली, माझी बायको, सकाळी सातच्या ट्रेननं शहरात नोकरीला जायची. सईला शाळेत सोडून मी नऊला गराजमध्ये शिरायचो. मग आधी खुर्चीची उंची ठीक करायची. मग कंपनीचा लोगो. त्याचे मी सतरा नमुने केले. मन एकाग्र कसं करावं यावरचे व्हिडिओ मी अत्यंत एकाग्र मनानं पाहायचो. भिंतीवर स्फूर्ती देणारी वाक्यं छापून लावली होती. ती दमट हवेनं महिन्याभरात गळून पडली आणि परत चिकटवण्यात एक अख्खी सकाळ गेली. दीड वर्षात एक डबा तयार झाला होता, तो आमच्या बाथटबमध्ये उत्तम चालायचा. वृषाली भांडायची नाही. संध्याकाळी दाराशी बूट काढता काढता विचारायची, "आज काय झालं?" आणि माझं उत्तर ऐकून दुसरा बूट जरा जोरात काढायची.

शेवटी हॅमिल्टनच्या पलीकडचा ग्रॅहम नावाचा एक शेतकरी मदतीला आला. त्याच्या भागातले वीसेक शेतकरी दर थोड्या दिवसांनी एकमेकांच्या शेतावर जमायचे. मे महिन्यातली बैठक त्याच्याकडे होती. "ब्रिंग युअर बॉक्सेस, मेट," असं काहीसं तो म्हणाला. सहा हौदांवर सहा डबे लावून दाखवायचे. पसंत पडले तर सगळेच घेणार. वृषालीचं आणि माझं ठरलं, की हे शेवटचं. हे फसलं तर गराज रिकामं करायचं आणि मी मुकाट्यानं नोकरी शोधायची.

त्याच फेब्रुवारीत आई-बाबा चिंचवडहून सहा महिन्यांसाठी आले. बाबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली होती. आई कॉलनीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. आल्यावर बाबा तीन दिवस गराजमध्ये उलट्या बादलीवर बसून माझ्याकडे नुसते बघत राहिले. चौथ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "हेमू, तू दिवसात पन्नास मिनिटं काम करतोस."

"बाबा, विचार करणं हेही कामच असतं."

"ते धरून पन्नास."

आई पोळीला तूप लावत हसली. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "हे तुझं बारावीचं वर्ष आहे असं समज. पेपर मे महिन्यात. बाकी आमच्यावर सोड."

आणि घराचं बारावीचं घर झालं. ज्यांच्या घरात बोर्डाच्या परीक्षेला बसलेलं मूल होतं त्यांना वेगळं सांगायला नको. टीव्ही बंद. आईच्या मालिका टॅब्लेटवर, त्याही मुक्या. ती पात्रांच्या भुवयांवरून कथानक ओळखायची. आठला, अकराला आणि दोनला बाबा स्टीलच्या ताटावर पळी वाजवायचे. ताट वाजल्याशिवाय गराजच्या बाहेर पाऊल नाही. फोन त्यांच्या खिशात. पावसाचा पत्र्यावर आवाज होतो म्हणून त्यांनी छताला आतून जुनी कार्पेट ठोकली. शनिवारी शेजारचा माणूस लॉन कापायला निघाला, तेव्हा बाबा कुंपणापाशी जाऊन हात जोडून काय बोलले ते देव जाणे, पण तो माणूस पुढे मला पाहिलं की अंगठा वर करून "गुड लक विद युअर एक्झाम, ब्रो" म्हणायचा. आठ वर्षांची सई, जी मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, एकदा वैतागून म्हणाली, "आजोबा, इट्स नॉट ईव्हन अ रिअल एक्झाम!"

"पास झाला की रिअल होते, बाळा," बाबा म्हणाले.

आणि सगळ्यांत वरचा नियम: पेपर होईपर्यंत त्याला काही सांगायचं नाही. चांगलं सांगितलं तर लक्ष उडतं, वाईट सांगितलं तर मन उडतं. त्या तीन महिन्यांत वॉशिंग मशीन बिघडून दुरुस्त झालं, सईचे दोन दात पडले, वृषालीच्या ऑफिसात मोठी उलथापालथ होऊन तिचं पद बदललं. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्यापुढे फक्त गरम जेवण यायचं. लाज वाटते, पण लिहितो: आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ होता. मी कामाला लागलो. लोगो विसरलो. चौथा डबा बाथटबऐवजी बाहेर पावसात चालला, तेव्हा बाबांनी मला पाठीवर जी थाप मारली ती खऱ्या बारावीलाही मिळाली नव्हती.

आई त्या परक्या स्वयंपाकघरात चार दिवसांत रुळली. अळू मिळत नाही म्हटल्यावर तिनं सिल्व्हरबीटची जाडजूड पानं उलटसुलट करून पाहिली, शिरा लाटण्यानं ठेचल्या आणि वड्या केल्या. उपासाला आपल्या रताळ्याच्या जागी इथलं रताळं, कुमारा. कुंपणावर शेजारी बादलीभर फिजोवा ठेवून जायचे, ती हिरवी, साबणासारख्या वासाची फळं पहिल्यांदा हुंगून म्हणाली, "हे खायचं की अंगाला लावायचं?" आणि आठवड्याभरात त्यांचा वेलदोडे घातलेला मुरांबा तयार. आजही मार्च लागला की मी फिजोवा आणतो. मुरांबा मला जमत नाही. फळं वाडग्यात पिकतात, वास घरभर होतो, मग टाकून द्यावी लागतात.

दुपारी जेवणं आटोपली की ती माझं काम करायची. प्रत्येक डब्याच्या बॅटरीला कुंपणाच्या खांबावर बांधायला ताडपत्रीची पिशवी लागायची, पाणी आत न शिरेल अशी दुहेरी टीप मारलेली. ऑप-शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, वृषालीनं एक हातमशीन आणलं. खिडकीपाशी बसून आई पिशव्या शिवायची. गराजमधून मला त्या मशीनचा आवाज यायचा, थोडा चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. तो चालू असला की माझे हातही चालायचे. छतावर ठोकलेल्या कार्पेटचा नसेल इतका त्या आवाजाचा मला उपयोग झाला.

पुढचं मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्यांनी. ग्रॅहमकडच्या डेमोच्या अकरा दिवस आधी, सोमवारी, आई मागे दोरीवर कपडे वाळत घालत होती. उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली. तिनं वर पाहिलं, आभाळ निरभ्र. पुन्हा चमकली. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यापुढे काजळीचे कण उडायला लागले. तिनं डोळा गार पाण्यानं धुतला, दोनदा चष्मा पुसला. शुक्रवारी बाजूनं एक काळा पदर ओढल्यासारखा दिसायला लागला, रोज बोटभर पुढे सरकणारा. तेव्हा तिनं बाबांना सांगितलं. केसाच्या जाडीचा फरक मायक्रोमीटरवर पकडणारे माझे बाबा म्हणाले, मोतीबिंदू असेल, या वयात होतोच. मग दोघांपैकी कोणीतरी विचारलं, डेमो कधी आहे? आणि दोघांपैकी कोणीतरी म्हणालं, मग तो झाला की दाखवू. ते कोण म्हणालं यावरून दोघं पुढे कितीतरी वर्षं भांडत राहिले. बाबा म्हणायचे, मी म्हणालो. आई म्हणायची, छे, मीच म्हणाले. दोघांनाही ते वाक्य दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायचं नव्हतं.

वृषालीला तिनं एवढंच सांगितलं, की चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं. वृषालीनं चष्मेवाल्याची वेळ घेतली, डेमोनंतरच्या सोमवारची. नंबर काय कुठे पळून जातो?

आणि मी काय करत होतो? त्याच आठवड्यात शिवून आलेल्या तीन पिशव्या मी उजेडात धरल्या. टीप वाकडी गेली होती. एका ठिकाणी तर ताडपत्री सोडून सुई नुसतीच बाहेरून चालली होती. तीस वर्षं जिच्या टिपेला पट्टी लावून पाहावं अशी बाई, आणि मला एकदाही वाटलं नाही, की हे काय आहे? मी ब्लेडनं टीप उसवली आणि ताट वाजल्यावर बाबांना म्हणालो, "आईला सांगा, टीप सरळ पडत नाहीये. पाणी जाईल आत. जरा लक्ष दे म्हणावं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आईची तक्रार केली म्हणून रागावले. मग पिशव्या हातात घेऊन म्हणाले, "सांगतो."

दुसऱ्या दिवशी पिशव्या परत आल्या. टीप ठीक होती, जरा मोठी, जरा जाड्या हाताची. ती बाबांनी मारली होती. तेही मला नंतरच कळलं.

डेमोच्या दिवशी सकाळी गाडीत सहा डबे भरले. आईनं दाराशी मला थांबवून हातावर दही-साखर द्यायला चमचा पुढे केला, आणि दही पडलं माझ्या मनगटावर, शर्टाच्या बाहीवर.

"आई! इस्त्रीचा शर्ट आहे!"

"अगं बाई. थांब, पुसते." आणि तिनं पदरानं जिथे दही नव्हतं तिथे पुसलं.

"नेम चुकला आज तुझा," मी म्हणालो. विनोद केला. ती हसली. "म्हातारी झाले रे तुझी आई." मी बाही स्वतः पुसली, उरलेलं दही चाटलं, तिच्या पाया पडलो. वाकलेल्या माझ्या डोक्यावर तिनं हात ठेवला, तो आधी खांद्यावर पडला आणि तिथून चाचपत वर आला. बाबा गाडीपाशी उभे होते. म्हणाले, "आधी सोपे प्रश्न सोडव."

डेमो चांगला झाला. त्याबद्दल खरं तर खूप लिहिता येईल, आणि बरीच वर्षं मी ते लोकांना रंगवून सांगतही असे: गमबूट घातलेले वीस शेतकरी, चिखल, ग्रॅहमनं मुद्दाम नळ बंद केला, सगळे फोनकडे बघत उभे, आणि मग एकदम टिंग. एक म्हातारा शेतकरी माझी ताडपत्रीची पिशवी बोटानं ओढून पाहत म्हणाला, "हू मेड दिस? दॅट्स प्रॉपर, दॅट." मी म्हणालो, माय मदर. "स्वीट ॲज," म्हणजे झकासच, तो म्हणाला, "टेल हर सो." चाळीस डब्यांची मागणी घेऊन निघालो. हायवेवर गाणी म्हणत गाडी चालवली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटत होतं, की आपण एक गोष्ट धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

दुपारी तीनला घरी पोचलो. बाबा ड्राइव्हवेमध्येच उभे होते. खांद्यावर आईची पर्स होती.

"पेपर कसा गेला?"

"एकदम मस्त, बाबा. चाळीस!"

"शाब्बास." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. "आता एक सांगायचंय. आधी पाणी पी."

ते वाक्य मी ओळखलं. एकोणीस वर्षांपूर्वी, बारावीचा शेवटचा पेपर देऊन चिंचवडच्या घरी आलो तेव्हा बाबा असेच फाटकाशी उभे होते. आधी पाणी पी म्हणाले होते. आणि मग सांगितलं होतं, की सुधाकाका नऊ दिवसांपूर्वी गेला. ज्या काकानं मला जुना रेडिओ उघडून दाखवला, ज्याच्यामुळे मी इंजिनिअर झालो, त्याचं सगळं आटोपलं होतं आणि मी वरच्या खोलीत केमिस्ट्री पाठ करत होतो. तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आणि तरी, नीट आठवून लिहायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात मला बरंही वाटलं होतं, की पेपर चांगले गेले. त्या कोपऱ्याची मला अजून लाज वाटते. कदाचित घरच्यांना तो कोपरा माहीत होता.

मी पाणी प्यायलो नाही. तसंच आईला गाडीत बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती सारखी म्हणत होती, "अरे, तू जेवलास का पण? डबा उघडला होतास का?" डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. पडदा परत जागेवर बसवला आणि तो तिथे टिकावा म्हणून डोळ्यात वायूचा एक बुडबुडा भरला. तो बुडबुडा पडद्यावर दाबून राहायला हवा, म्हणून आईनं दहा दिवस पालथं राहायचं, मान खाली, झोपतानासुद्धा.

तपासणीला परत गेलो तेव्हा डॉक्टरबाई सावकाश, माझ्याकडे बघून बोलल्या. पडदा बसला आहे. डोळा राहील. पण नजरेचा जो मुख्य भाग, तो फार दिवस सुटून राहिला. पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर गोष्ट वेगळी होती. नजर परत येईल अशी आशा मी देणार नाही. एवढं बोलून त्या थांबल्या. दुभाषा हवा का, असं त्यांनी आधीच विचारलं होतं. मी आहे ना, असं मीच म्हणालो होतो. आई मान खाली घालून बसली होती. तिनं विचारलं, "काय म्हणतायत रे?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान अगदी किंचित हलवली. आदल्याच दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो होतो. माझ्यापासून लपवायचा तुम्हाला काय अधिकार होता, म्हणालो होतो; वृषालीनं सईला घेऊन बाहेर जावं इतका ओरडलो होतो. आणि आता मी आईला म्हणालो, "चांगलं झालंय म्हणतायत. वेळ लागेल म्हणाल्या."

गाडीपाशी बाबा हळूच म्हणाले, "बरं केलंस. दहा दिवस पालथं पडायचंय तिला. आशा गेली तर पडवणार नाही. हे होऊ दे, मग सांगू."

दिवाणखान्यात आम्ही तिच्यासाठी एक सोय केली. गराजमधल्या लाकडाच्या फळ्यांतून बाबांनी कपाळ टेकवायला एक चौकट केली, तिला वृषालीनं उश्या बांधल्या. खुर्चीवर बसून आई त्या चौकटीत कपाळ ठेवायची आणि खाली कार्पेटकडे बघत राहायची. दिवसभर. शिवण नाही, स्वयंपाक नाही, भुवया बघायला मालिका नाही. तिला कोणाचा चेहराही दिसायचा नाही. नुसती पावलं ओळखायची. "वृषाली, मोजे ओले आहेत गं तुझे." "सई, त्या रबरी जँडल्स बाहेर काढ." सई शहाणी, तिनं आपली चित्रं आणून आजीच्या खाली कार्पेटवर पसरली आणि "लुक, आजी" म्हणत एक एक सरकवत राहिली.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या खाली जाऊन उताणा झोपलो. म्हणजे तिचा चेहरा वर आणि माझा खाली, मधे दोन हातांचं अंतर. उजव्या डोळ्यावर पांढरं कवच, डावा माझ्याकडे बघणारा.

"काय रे, काम नाही का तुला? चाळीस डबे करायचेत ना?"

"होतील."

"असंच म्हणतोस तू. जा बघू. अकराचं ताट वाजलं की नाही?"

"बाबांनी ताट घासायला टाकलंय."

ती हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या गालावर पडलं. मी जागचा हललो नाही. मग रोज सकाळी मी तिथे झोपायला लागलो. ती बोलायची, कॉलनीतल्या कुणाच्या ब्लाउजला कुठे ठिगळ लावून तिला पत्ता लागू दिला नव्हता, सुधाकाकाला तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यानं चहात मीठ घालून दिलं होतं, असलं काहीबाही. मी ऐकायचो. बाकी काही मनात यायचं नाही, डबे नाहीत की ग्रॅहम नाही. ती कंपनी पुढे साडेतीन वर्षं चालवून मी बंद केली आणि मुकाट्यानं नोकरी धरली. मन लावून काम कसं करावं यावर आता कोणी मला विचारलं, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत तरुण मुलं खरंच विचारतात, तर मी ग्रॅहमच्या कुरणाची गोष्ट सांगतो. कार्पेटवरची सांगत नाही.

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. बाबा स्वयंपाकघरात होते, नळ चालू होता. आईचा चेहरा सारखा खाली राहून सुजला होता. मी म्हणालो, "आई, तुला एक सांगायचंय. डॉक्टर त्या दिवशी जे म्हणाल्या ना..."

"डोळा गेला ना?" ती म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"अरे, बाई तीनदा सॉरी म्हणाली. तेवढं इंग्रजी मला येतं." तिनं चौकटीतून एक हात काढून खाली सोडला, चाचपत माझ्या कपाळावर ठेवला. "आणि तू सांगताना तुझा आवाज कसा झाला होता. केमिस्ट्रीच्या पेपरानंतर तुला काकाचं सांगितलं ना, तेव्हा ह्यांचा झाला होता तसा."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही दोघं इतकं जपत होतात." तिनं अंगठ्यानं माझी भुवई सरळ केली. "टीप मारता येईल का रे एका डोळ्यानं?"

"येईल."

"खोटं बोलू नकोस."

"माहीत नाही, आई."

"हं. हे बरंय." तिचा हात माझ्या केसांत फिरत राहिला. मग तिनं आवाज अगदी खाली आणला. "हे बघ, ह्यांना सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून. रोज उठून माझ्यापुढे हसऱ्या चेहऱ्यानं येतात. पावलं टाकतात तीसुद्धा हसरी. त्यांना वाटतंय, मला माहीत नाही, त्याच्यावर उभे आहेत ते. दोन दिवस राहिलेत. होऊ देत पुरे."

दोन दिवस झाले, मग बाबांनी तिला सांगितलं, आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. बाबांनी तिला धरलं. मला ते बघवेना. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांना अखेरपर्यंत वाटत होतं, की ती बातमी आपण तिला फार जपून, योग्य वेळी दिली. म्हणूनच हे आता लिहितो आहे.

पण त्या सकाळी मी कार्पेटवरून उठलो, डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात गेलो. बाबा ओट्यापाशी उभे राहून तिच्यासाठी संत्र्याच्या फोडींवरची साल काढत होते, एक एक शीर बोटानं वेगळी करत, टूलरूममध्ये करायचे तशी मान वाकडी करून.

"काही बोलली का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."